धोंडुबाईची सुरगाठ

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल खोटी समजावी, मला कुणाला पटवत बसायचं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात हे घडलं आणि शेवटी मी स्वतः तिथे होते.

आणखी एक आधीच सांगते. यात अमावस्या नाही. मध्यरात्र नाही. भर दुपारची गोष्ट आहे, जुलै २०२१ च्या महापुरातली. गाव पंचगंगेच्या काठावरचं. नाव देत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच राहतात.

मी शहरात, राजारामपुरीत राहते. एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. माझी धाकटी बहीण क्रांती त्या गावात दिलेली. नवरा उदयसिंह. घर चांगलं, ऊस चांगला, गोठ्यात एक म्हैस. माणूस मात्र मला पहिल्यापासून आवडला नव्हता. बोलायला गोड, पण चूक झाली की दुसऱ्याच्या अंगावर ढकलून हा मोकळा. मी आईला तसं बोलले होते. आई म्हणाली, "तुला कोण आवडतंय गं?"

त्याच्या घराला लागून त्याच्या चुलतीचं घर होतं. धोंडुबाई. एकटी बाई. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. तिची एक म्हैस होती, तारा. तोच तिचा संसार.

तिची एक रीत होती, ती आधी समजून घ्या.

बेंदूर झाला, बैलांची मिरवणूक संपली, की धोंडुबाई गल्लीतल्या प्रत्येक गोठ्यात जायची. सगळ्या जनावरांची दावी सोडायची आणि पुन्हा स्वतःच्या हाताने बांधायची. निरगाठ काढायची, सुरगाठ मारायची. निरगाठ म्हणजे पक्की, ओढाल तेवढी आवळणारी. सुरगाठ एका हिसक्यात सुटते. धोंडुबाईची सुरगाठ तर न्यारीच होती. म्हशीने नुसती मान हलवली तर ती सुटायची नाही. पण पाणी पोटाला लागलं आणि म्हशीने जीव खाऊन मागे ओढलं, की सुटलीच. बाई डावरी होती, त्यामुळे पीळ उलटा पडायचा. तो दुसऱ्या कुणाला कधी जमला नाही.

"माणसाला निघा म्हणून सांगाय धा जण येत्यात," ती म्हणायची. "मुक्या जनावराला कोण सांगणार? त्येचं त्येला सुटाय आलं पायजे."

गल्ली तिला चहा पाजायची. बाईला मान होता.

२०१९ च्या उन्हाळ्यात क्रांतीचं लग्न झालं आणि ऑगस्टमध्ये तो मोठा पूर आला. गल्लीतल्या माणसांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून वरच्या रस्त्यावर नेलं. बायका गोठ्याकडे बघून रडत होत्या. धोंडुबाई मात्र ट्रॉलीत सगळ्यात आधी चढून बसलेली.

"रडतीयास कशाला?" ती एकेकीला दटावत होती. "सुरगाठ हाय ती. येत्यात बग पवत."

आणि खरंच तसं झालं.

पाणी गोठ्यांत शिरलं तशा म्हशी यायला लागल्या. लाल पाण्यातून एकेक काळं डोकं वर दिसायचं. गळ्यात सुटलेलं दावं. रस्त्यावरून लोक नावं घेऊन हाका मारत होते. म्हशी हाकेसरशी वळत होत्या.

सगळ्या आल्या.

तारा आली नाही.

धोंडुबाई उभी राहून वाट बघत होती. कुणी म्हणालं, येईल. कुणी म्हणालं, दुसरीकडे लागली असेल. मग लांबून हंबरडा ऐकू आला... गोठ्याकडून. बाईने तो ओळखला. पदर खोचला आणि पाण्यात उतरली. लोक ओरडत राहिले. पोहण्यात ती कुणाला ऐकणारी नव्हती.

पाणी उतरल्यावर दोघी गोठ्यातच सापडल्या. तारा खुंट्याला बांधलेली होती. दावं नायलॉनचं. गाठ पक्की. निरगाठ. धोंडुबाईची बोटं त्या गाठीत रुतलेली होती आणि नखं उपटलेली होती.

"वय झालंतं काकीचं," उदयसिंह चारचौघांत म्हणाला. "गाठ चुकली म्हातारीची."

तिच्या घरात कधीही नसलेलं नायलॉनचं दावं आलं कुठून, हे एकानेही विचारलं नाही. उलट दहाव्याला घाटावर कुणीतरी बोललंच, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." ज्यांच्या म्हशी तिने वाचवल्या, तीच माणसं ही. ऐकून माझं डोकं फिरलं होतं.

नंतरचा पावसाळा तसाच गेला. गोठा ओस पडला. कौलं खाली आली.

मग २०२१ चा बेंदूर झाला आणि क्रांतीचा फोन आला. तिला तेव्हा मुलगी झालेली, तेजस्वी, जेमतेम रांगत होती.

"आक्का, घरात कोणतरी गाठी मारतंय."

मला वाटलं, झोप नाही पोरीला, बाळ लहान आहे.

"न्हाई गं आक्का, ऐक की. पाळण्याची दोरी मी पक्की बांधलीती. सकाळी बघितली तर सुरगाठ. पडद्याची दोरी, सुरगाठ. दुधाच्या पिशवीचं तोंड, सुरगाठ. पीळ उलटा हाय, आक्का..."

"आणि उदयसिंह पावणं काय म्हणत्यात?"

ती मग हळू म्हणाली, "त्यांच्या वस्तूंना निरगाठ पडतीया. बुटाच्या नाड्या, डब्याचं फडकं. कमरंचा करदोडा रोज सकाळी आवळलेला असतोय. काल ब्लेडनं कापला. कातडी सोलवटलीया."

मी तिला म्हटलं, चार दिवस माहेरी ये. ती येणार होती. पण पाऊस लागला तो थांबेचना. नदी पात्राबाहेर आली आणि सगळेच रस्ते एकामागून एक बंद व्हायला लागले.

गावात दवंडी फिरली. लोक निघाले. उदयसिंह हलला नाही. भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण होती, ती बोटाने दाखवून म्हणायचा, "ह्याच्या वर काय येत न्हाई. माडी हाय की आपल्याला." आता याला काय म्हणायचं? नदी काय भिंतीवरची खूण वाचून चढते?

क्रांतीने रडत फोन केला. मी तशीच निघाले.

वरच्या रस्त्यापर्यंत पोहोचले तेव्हा खाली गल्लीत पाणीच पाणी होतं. तालमीची पोरं फायबरची नाव घेऊन माणसं काढत होती. त्यांचा म्होरक्या हंबीरराव. दांडगा गडी, नदीत लहानाचा मोठा झालेला. मी हात जोडले, तान्ही पोर आहे म्हटलं. त्याने लाइफ जॅकेट माझ्या अंगावर फेकलं.

"बसा आक्का. पण तिथं वाद घालाय वेळ न्हाई. चला म्हटलं की निघायचं."

आम्ही गल्लीत शिरलो. पाऊस थांबला होता. आभाळ भरून खाली आलेलं. दुपार असून दिवे लावावेत असा उजेड होता.

एक गोष्ट तेव्हाच जाणवली... गल्लीत बेडूक ओरडत नव्हते. पाण्याचा सळसळाट रस्त्यापर्यंत ऐकू येत होता, तोही इथे नव्हता.

हंबीररावने धोंडुबाईच्या ओसरीचा दगडी खांब बघितला आणि नाव त्याला बांधली. मी बघत होते. दोन वेढे आणि वर एक फास, नाववाले मारतात तसा. सोडायला सोपा.

क्रांती माडीच्या जिन्यात बाळाला छातीशी धरून उभी होती. उदयसिंह वर गव्हाची पोती रचत होता.

"पावणं, निघा," मी म्हटलं.

"आक्का, तुम्ही ह्यांना घेऊन जावा. मी राहतो. घर सोडून कुठं जायाचं?"

"म्हशीचं दावं सोडलं का?"

"सोडलंय की मघाशीच." माझ्याकडे न बघता म्हणाला. मला तेव्हाच कळलं, सोडलेलं नाही.

तेवढ्यात...

शेजारच्या गोठ्यातून घंटा वाजली. म्हशीच्या गळ्यातली.

तो गोठा दोन वर्षं रिकामा होता.

उदयसिंहाच्या हातातलं पोतं खाली पडलं. तो आमच्या आधी जिना उतरला आणि नावेत जाऊन बसला. मघाशी घर सोडणार नव्हता! हंबीररावने त्याला जॅकेट घातलं. जुनं होतं, पुढे बांधायच्या नाड्या होत्या. त्या स्वतः दोनदा आवळून बांधल्या.

क्रांती बाळाला घेऊन बसली, मी बसले. हंबीरराव दोरी सोडायला वाकला.

वाकलेलाच राहिला.

"ही गाठ माझी न्हाई," तो म्हणाला.

मी बघितलं. फास नव्हता. वेढे नव्हते. खांबाला आवळून बसलेली गाठ होती, मूठभर जाडीची. निरगाठ.

त्याने दातओठ खाऊन ओढली. हलेना. कमरेची सुरी काढून दोरीवर घासली. सुरी नुसती घसरत होती. आणि पाणी... पाणी डोळ्यांदेखत चढत होतं. आखूड दोरी, वर चढणारं पाणी, नावेचं तोंड खाली ओढलं जायला लागलं. पहिली लाट आत आली तेव्हा क्रांती किंचाळली.

मग सगळा आवाज थांबला. बाळाचं रडणंसुद्धा.

गोठ्याच्या अंधारातून कुणीतरी विचारलं. म्हाताऱ्या बाईचा आवाज. ओरडून नाही, दारात बसून विचारावं तसा साधा.

"उदय... गाठ कुणाची रं?"

क्रांतीने बाळाचे कान झाकले. हंबीरराव सुरी धरून पुतळ्यासारखा उभा.

उदयसिंह खाली मान घालून बसला होता.

पाणी आमच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. नाव तिरकी झाली.

"गाठ कुणाची?"

"काकी... तुमचीच की," तो पुटपुटला. "तुमची चुकली."

दोरी करकरली. नाव अशी काही खाली खेचली गेली की बाळाचे पाय पाण्यात गेले.

"सांगा की वो खरं!" क्रांती ओरडली. "माझी पोर बुडंल!"

मला राग आवरला नाही. मी त्याची मानगूट धरली. आयुष्यात कुणावर हात टाकला नव्हता, त्याच्यावर टाकला. "बोल मेल्या! दोन वर्षं एका मेलेल्या बाईला चुकलेली म्हणतोस? बोल!"

तेव्हा तो बोलला. रडत, हुंदके देत.

"माझी! गाठ माझी हाय! तिची म्हस सुटून माझ्या उसात शिरलीती. म्हटलं जिरवावी म्हातारीची. आता कशी सुटतीया बघू म्हणून म्या आदल्या रात्री बांधली नायलॉननं. पूर यील असं वाटलं न्हवतं, काकी... मागनं सांगायची हिंमत झाली न्हाई..."

दोरी सैल झाली.

कुणीही हात न लावता ती मुठीएवढी गाठ एका हिसक्यात सुटली. सुरगाठ सुटावी तशी. नाव वर आली, सरळ झाली, प्रवाहाला लागली. बाळ रडायला लागलं. ते रडणं ऐकून मला रडू फुटलं. वाचलो, एवढंच डोक्यात होतं.

मागून पाणी कापल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर उदयसिंहाची म्हैस पोहत येत होती. त्याने न सोडलेली. गळ्यात मोकळं दावं.

"आक्का..."

हाक उदयसिंहाची होती. तो स्वतःच्या मनगटाकडे बघत होता.

खांबावरून सुटलेल्या दोरीचं टोक त्याच्या मनगटाला होतं. निरगाठ. नावेकडचं टोक कधीच सुटलं होतं आणि दोरी ताणलेली होती... मागे, गोठ्याच्या दिशेने.

हंबीररावने झेप घेतली, जॅकेट धरलं. जॅकेट त्याच्या हातात आलं. पुढच्या सगळ्या नाड्या आपोआप सुटल्या होत्या.

उदयसिंहाने पुन्हा हाकसुद्धा मारली नाही. तो नावेच्या काठावरून गेला आणि प्रवाहाच्या उलट गेला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाणी खाली वाहत होतं आणि माणूस वर चालला होता.

पोरांनी अंधार पडेपर्यंत शोधलं.

पाणी उतरल्यावर तो गोठ्यात सापडला, ताराच्या खुंट्याजवळ. मनगट खुंट्याला बांधलेलं होतं. दुसऱ्या हाताची बोटं गाठीत रुतलेली, नखं उपटलेली. पंचनाम्यात बुडून मृत्यू असं आलं. हंबीररावला आजही विचारा. तो म्हणतो, दोरी अडकली होती, आवाज वाऱ्याचा असेल. पण तेव्हापासून बेंदूर झाला की तो गल्लीतल्या दाव्यांच्या गाठींवरून हात फिरवून येतो, एवढं मला ठाऊक आहे.

क्रांती आणि तेजू तेव्हापासून माझ्याकडे, राजारामपुरीत. तिसरा मजला. इथे पाणी कधी आलं नाही, येणार नाही. दर पावसाळ्यात घरात सुरगाठी दिसायच्या. तेजूच्या वेणीच्या रिबिनीला, दप्तराच्या बंदाला. आम्ही घाबरत नव्हतो. मला तर बरं वाटायचं. म्हातारी पोरीला जपते आहे, असं मी क्रांतीला म्हणायचे. क्रांती काही बोलायची नाही.

यंदा बेंदूर झाला. पुन्हा पाऊस लागला. नदी इशारा पातळीला आली तशी गॅलरीतली कपड्यांची दोरी ओली दिसली. वर पत्रा आहे, पाऊस तिथे येत नाही. मी हात लावला.

निरगाठ होती.

काल सकाळी क्रांतीच्या ओरडण्याने जागी झाले. तिला उशीवरून डोकं उचलता येत नव्हतं. तिची वेणी पलंगाच्या खुराला बांधलेली होती. ओली, गाळाचा वास येणारी. मी कात्रीने केस कापले तेव्हा कुठे ती सुटली.

मग ती बोलली. इतक्या वर्षांनी.

"आक्का, मी बघितलंतं. ते दावं बांधताना मी खिडकीतनं बघितलंतं त्यांना."

मी कात्री बाजूला ठेवून तिच्याशेजारी बसले.

"ट्रॉलीत धोंडुबाई आत्तींच्या शेजारीच बसलीती गं मी. त्या सगळ्यांना सांगत हुत्या, सुरगाठ हाय, येत्यात पवत. मी त्यांच्याकडं बघत हुती. एक शब्द बोलली असती तर ट्रॉली थांबली असती. नवी सून, आक्का... सासरच्या माणसावर कसं बोलायचं? गप्प बसली."

माझी बहीण आहे. राग आला, आणि तरी मी तिला जवळ घेतलं.

ती म्हणाली, मी गावात जाऊन चावडीसमोर सगळ्यांना सांगते. पण गावचा रस्ता पाण्याखाली आहे. म्हणून मग तिनेच सुचवलं की इथे लिही. माझ्या नावासकट लिही, गल्लीतली सगळी पोरं हे पान वाचतात. म्हणून लिहिते आहे. गल्लीवाल्यांनो, ऐका. धोंडुबाईची गाठ चुकली नव्हती. तिची गाठ कधीच चुकली नाही. उदयसिंहाने ती बदलली आणि क्रांतीने ते पाहिलं.

झालं. खरं ते सांगून टाकलं. आता तरी म्हातारीने माझ्या बहिणीला सोडावं.

पण हे लिहिताना एकच गोष्ट राहून राहून मनात येते आहे...

खरं तर उदयसिंहानेही सांगितलं होतं.

क्रांती आत झोपली आहे. केस कापलेत, बांगड्या काढल्यात, घरातली एकूण एक दोरी मी खाली नेऊन टाकून आले आहे. तेजू तिच्याशेजारी नको म्हणून माझ्या मांडीवर आहे.

आणि आतल्या खोलीतून, तिसऱ्या मजल्यावर... म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजते आहे.